बीज, नियम आणि वाट : नियमजन्य खेळविश्वांच्या संहितेचा प्रश्न

साहित्याच्या अभ्यासात 'संहिता' या संज्ञेमागे एक गृहीतक असते. कोणीतरी काहीतरी रचलेले आहे, ते कोठेतरी नोंदलेले आहे आणि वाचक येण्यापूर्वीच ते अस्तित्वात आहे, हे ते गृहीतक होय. मौखिक परंपरांच्या अभ्यासाने आणि वाचककेंद्री समीक्षेने ते बरेच सैल केले. तरीही वाचकापुढे येणारी रचना कोणीतरी घडवलेली असते, एवढे सामान्यतः मान्य केले जाते. व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात गेल्या चार दशकांहून अधिक काळ विकसित होत आलेल्या एका निर्मितिपद्धतीने या किमान गृहीतकालाच धक्का दिला आहे. 'प्रोसिजरल जनरेशन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत खेळातील डोंगर, नद्या, ग्रह, प्राणी, गावांची नावे यांची रचना कोणी एकेक करून करीत नाही. रचले जातात ते नियम. विश्व त्यांतून निष्पन्न होते. अशा विश्वांना येथे 'नियमजन्य विश्वे' असे म्हटले आहे. या विश्वांच्या बाबतीत वाचनाचा, तुलनेचा आणि जतनाचा विषय नेमका कोणता मानावा, या प्रश्नाचा विचार 'एलीट' (१९८४), 'माइनक्राफ्ट' (२०११) आणि 'नो मॅन्स स्काय' (२०१६) या तीन भ्रमणप्रधान खेळांच्या आधारे प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

गणना आणि नियम

हा प्रश्न आपल्याकडील शास्त्रपरंपरेला अगदीच अपरिचित नाही. पतंजलीच्या महाभाष्यातील पस्पशाह्निकात एक आख्यायिका येते. बृहस्पतीने इंद्राला एकेक शब्द उच्चारून शब्दशास्त्र शिकवावयास आरंभ केला. दिव्य सहस्र वर्षे लोटली, पण शब्द संपले नाहीत. यावरून पतंजली असा निष्कर्ष काढतो की, शब्दांच्या ज्ञानाचा मार्ग गणनेचा नसून सामान्य आणि विशेष नियमांचा आहे. पाणिनीची सुमारे ४,००० सूत्रे ज्या तत्त्वावर उभी आहेत ते तत्त्व हेच. जे मोजून संपत नाही ते मोजू नये. ते निष्पन्न करण्याची रीत सांगावी.

'एलीट' या खेळाच्या निर्मात्यांपुढे हीच अडचण अगदी व्यावहारिक स्वरूपात उभी राहिली. डेव्हिड ब्रेबन आणि इयान बेल हे त्या वेळी केंब्रिजमध्ये शिकत होते. 'बीबीसी मायक्रो' या ज्या संगणकासाठी त्यांनी हा खेळ तयार केला त्याची स्मृती अवघी ३२ किलोबाइट होती. व्यापार करीत तारकांमध्ये भ्रमण करणाऱ्या खेळाडूला पुरेल एवढे आकाश तीत साठवून ठेवणे शक्य नव्हते. त्यांनी आकाश साठवलेच नाही. तीन संख्या घ्यावयाच्या, त्यांची बेरीज करून पुढची संख्या मिळवावयाची, सर्वांत जुनी सोडून द्यावयाची आणि हीच क्रिया पुढे चालू ठेवावयाची, अशी रीत त्यांनी योजली. मिळालेल्या प्रत्येक संख्यात्रयीतून एका ग्रहाचे स्थान, शासनपद्धती, अर्थव्यवस्था आणि लोकसंख्या ठरे. अक्षरजोड्यांच्या एका लहानशा यादीतून त्याचे नाव जुळवले जाई. अशा रीतीने २५६ ग्रहांची एक आकाशगंगा तयार होई. मूळ संख्यांतील प्रत्येक बाइटचे आठ अंक चक्राकार एक घर सरकवले की दुसरी आकाशगंगा मिळे, आणि आठ वेळा सरकवल्यावर पुन्हा पहिलीच येई. त्यामुळे आकाशगंगा आठ आणि ग्रह २,०४८ झाले.

याच रीतीने २ चा ४८ वा घात, म्हणजे सुमारे २८१ लाख कोटी आकाशगंगा देता आल्या असत्या, आणि आरंभी निर्मात्यांचा विचार तसाच होता. एवढी प्रचंड संख्या विश्वाचे कृत्रिमपण उघडे पाडील, या जाणिवेने प्रकाशनसंस्थेने त्यांना आवर घातला. शिवाय, नियमातून निघालेल्या एका आकाशगंगेत एका ग्रहाचे नाव असभ्य शब्दाशी जुळले, म्हणून ती आकाशगंगाच वगळण्यात आली. हे दोन्ही निर्णय आकाराने लहान असले तरी सैद्धांतिकदृष्ट्या मोलाचे आहेत. ग्रह कोणी रचले नव्हते. मात्र कोणते ग्रह ठेवावयाचे आणि कोठे थांबावयाचे हे माणसांनी ठरवले होते. नियमजन्य विश्वात कर्तृत्व नाहीसे होत नाही. ते नियमाच्या रचनेत आणि निष्पत्तीच्या निवडीत जाऊन वसते.

बीज

या पद्धतीचा मध्यवर्ती घटक म्हणजे 'सीड', अर्थात बीज. बीज ही केवळ एक संख्या असते. संगणकाला ती दिली की तिच्यापासून वरवर यादृच्छिक भासणारी, परंतु पूर्णतः नियत अशी संख्यामालिका निघते. तेच बीज आणि तेच नियम असतील, तर आज निघालेले विश्व दहा वर्षांनी, दुसऱ्या खंडातील संगणकावरही जसेच्या तसे निघेल. खेळाडू ज्या टेकडीवर पोहोचला नाही ती टेकडी कोठेही साठवलेली नसते. तो जवळ आला की ती गणिताने सिद्ध होते, दूर गेला की स्मृतीतून पुसली जाते आणि परतल्यावर पुन्हा तशीच सिद्ध होते.

अशी टेकडी खडबडीत आकड्यांचा ढीग न वाटता टेकडी वाटावी, यासाठी जी युक्ती सर्वाधिक वापरली गेली तिचे श्रेय केन पर्लिन यांना जाते. 'ट्रॉन' (१९८२) या चित्रपटासाठी काम केल्यानंतर, यंत्रनिर्मित प्रतिमांच्या निर्जीव गुळगुळीतपणाने असमाधानी होऊन त्यांनी १९८३ मध्ये ही रीत शोधली. १९८५ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि १९९७ मध्ये तिला ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. जाळीच्या प्रत्येक छेदबिंदूवर उताराची एक दिशा ठरवावयाची, मधल्या बिंदूंची उंची त्या दिशांच्या सौम्य मिश्रणाने काढावयाची आणि मोठ्या लाटांवर क्रमाने लहान लाटा चढवावयाच्या, असे तिचे स्थूल स्वरूप आहे. मोठ्या लाटांतून पर्वत मिळतात, लहान लाटांतून दगडधोंडे.

नियमाला स्वतःच्या मर्यादाही असतात. 'माइनक्राफ्ट'च्या २०११ पूर्वार्धापर्यंतच्या आवृत्त्यांत आरंभस्थानापासून सुमारे १ कोटी २५ लाख ठोकळ्यांच्या अंतरावर हे गणित कोलमडत असे, आणि भूमीच्या जागी पोखरलेल्या अजस्र भिंती उभ्या राहत. खेळाडूंनी त्या प्रदेशाला 'फार लँड्स' असे नाव दिले. निर्मात्याने न योजलेली ही गणिती चूक खेळाडूंच्या बोलण्यात 'जगाचा शेवट' म्हणून रूढ झाली, आणि तेथवर पायी जाण्याचा संकल्प करून एक खेळाडू २०११ मध्ये वाटेलाही लागला. रचनाकाराला अभिप्रेत नसलेल्या गोष्टीला भ्रमण करणाऱ्याने अर्थ दिल्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच आढळेल.

विपुलता आणि भेद

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला येथे दोन पूर्वसूरी आठवतील. बोर्हेसच्या १९४१ मधील 'बाबेलचे ग्रंथालय' या कथेत अक्षरांच्या सर्व शक्य जुळण्यांचे ग्रंथ आहेत, आणि म्हणूनच त्यांतून अर्थपूर्ण ग्रंथ शोधणे जवळजवळ अशक्य आहे. रेमों केनो याच्या १९६१ मधील काव्यसंग्रहात दहा सुनीतांच्या चौदा-चौदा ओळी सुट्या कापून ठेवल्या आहेत. त्यांपासून १० चा १४ वा घात इतकी सुनीते सिद्ध होऊ शकतात. बोर्हेसच्या ग्रंथालयात कोणताही निर्बंध नाही. केनोच्या संग्रहातील प्रत्येक ओळ कवीनेच लिहिलेली आहे. नियमजन्य विश्व या दोहोंच्या मध्ये पडते. त्यात निर्बंध आहेत, परंतु पूर्वलिखित ओळ नाही.

याचा परिणाम 'नो मॅन्स स्काय'मध्ये स्पष्ट दिसतो. इंग्लंडमधील गिल्डफर्ड येथील 'हेलो गेम्स' या छोट्या संस्थेने शॉन मरे यांच्या नेतृत्वाखाली केलेल्या या खेळात २ चा ६४ वा घात इतके ग्रह शक्य आहेत. १८ या आकड्यापुढे १८ शून्ये मांडली तरी ते काही उरतीलच. प्रत्येक ग्रहाला एक सेकंद दिला, तर सर्व पाहावयास ५८,००० कोटींहून अधिक वर्षे लागतील. बृहस्पतीची सहस्र वर्षे येथे अगदीच तोकडी पडतात. तरीही प्रसिद्धीनंतर काही आठवड्यांतच ग्रह एकसारखे वाटतात, अशी तक्रार खेळाडूंकडून ऐकू येऊ लागली. निर्मितिशास्त्राच्या अभ्यासक केट कॉम्प्टन यांनी या दोषासाठी एक घरगुती दृष्टांत योजला आहे : ओटच्या लापशीच्या दहा हजार वाट्या वाढल्या, तर प्रत्येक वाटीतील दाण्यांची मांडणी गणितदृष्ट्या वेगळी असेल, पण खाणाऱ्याला त्या सर्व सारख्याच वाटतील. भेद असणे आणि भेद जाणवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली नियमाने साधते. दुसरीसाठी जाणणारा लागतो.

वाट

एस्पेन आर्सेथ यांनी 'सायबरटेक्स्ट' (१९९७) या ग्रंथात, जिच्यातून मार्ग काढण्यासाठी वाचकाला डोळे फिरवण्यापलीकडचे श्रम करावे लागतात, अशा संहितेसाठी 'अर्गोडिक' ही संज्ञा रूढ केली. नियमजन्य विश्वात हे श्रम आणखी एक पायरी पुढे जातात. येथे वाट काढल्याशिवाय भूमीच सिद्ध होत नाही. 'नो मॅन्स स्काय'मध्ये नव्या ग्रहावर प्रथम उतरणाऱ्या खेळाडूला ग्रहाला व तेथील जीवांना नाव देता येते, आणि ते नाव पुढे येणाऱ्यांना दिसते. ग्रह नियमाने सिद्ध होतो. नावाचा उगम मात्र नियमात नसतो. म्हणूनच ते पुन्हा गणिताने काढता येत नाही, साठवावेच लागते. बीजातून काढता येईल ते भूदृश्य आणि साठवावे लागेल ते स्थळ, असा भेद येथे करता येतो.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये, खेळ प्रसिद्ध होताच, दोन खेळाडूंनी संकेत ठरवून एकाच ग्रहावरील एकच जागा गाठली; परंतु ते परस्परांना दिसले नाहीत. त्यावर वाद झाला तो मुख्यतः निर्मात्यांच्या आश्वासनांविषयी. संहितेच्या दृष्टीने पाहता ही घटना अधिक बोलकी आहे. दोघेही त्याच ग्रहावर होते, परंतु तो ग्रह दोन यंत्रांवर स्वतंत्रपणे सिद्ध झालेला होता. एकाच ग्रंथाच्या दोन प्रती दोन खोल्यांत वाचणारे दोन वाचक जसे परस्परांना दिसत नाहीत, तसेच हे झाले. खेळाडूंना तेथे समान संहिता मिळाली होती. सामायिक स्थळ मिळाले नव्हते. एकमेकांना पाहत सोबतीने फिरण्याची पूर्ण सोय २०१८ च्या जुलैमधील सुधारणेने झाली.

आवृत्ती आणि लोप

नियम बदलले तर काय होते, हा खरा कसोटीचा प्रश्न आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये 'अ‍ॅटलस राइझेस' ही सुधारित आवृत्ती आली आणि निर्मितिनियमांतील बदलांमुळे अनेक ग्रहांची प्रकृती पालटली. खेळाडूंच्या एका मोठ्या समुदायाने आकाशाच्या एका भागात वस्ती केली होती. ज्या हवामानावर विसंबून घरे बांधली ते हवामानच राहिले नाही. समुदायाने तो भाग सोडला. पुरातत्त्वज्ञ अँड्र्यू राइनहार्ड यांनी या उजाड वसाहतींचे क्षेत्रीय सर्वेक्षण करून तेथील बांधकामे आणि रहिवाशांनी मागे ठेवलेले संदेश नोंदवले. बीज तेच होते. नियमांची आवृत्ती बदलली आणि नावांखालची जमीन निघून गेली.

याच्या उलट दिशेचे उदाहरण 'माइनक्राफ्ट'चे आहे. या खेळाच्या आरंभपडद्यामागे वर्षानुवर्षे दिसणारे भूदृश्य मूळचे कोणत्या बीजातून आले, हे कोणासही ठाऊक नव्हते. २०२० च्या जुलैमध्ये स्वयंसेवकांनी आपापल्या संगणकांची शक्ती एकत्र करून, चित्रातील खुणांवरून संभाव्य बीजे एकामागून एक बाद करीत, ते बीज शोधून काढले. सप्टेंबरमध्ये खेळातील आणखी एका चिमुकल्या चित्राचेही बीज सापडले. ही पाठचिकित्साच होय. मात्र तिची तुलना पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीशी केली असता फरक लक्षात येतो. महाभारताच्या संपादकांनी उपलब्ध हस्तलिखितांवरून पोहोचता येईल तेवढ्या प्राचीन पाठापर्यंत जाण्याचा दावा केला. मूळ संहिता हाती आल्याचा दावा त्यांना करता येण्याजोगा नव्हता. बीज शोधणाऱ्यांना आपले उत्तर तपासून पाहता येते : ते संगणकाला दिले की तीच टेकडी, तेच झाड पुन्हा उभे राहते. पण त्यासाठी एक अट आहे. चित्र खेळाच्या कोणत्या आवृत्तीतील आहे हे कळले पाहिजे, आणि ती आवृत्ती चालवता आली पाहिजे.

या विवेचनावरून असे म्हणता येईल की, नियमजन्य विश्वाची संहिता तीन घटकांची असते : विशिष्ट आवृत्तीतील नियम, बीज आणि भ्रमण करणाऱ्यांनी मागे ठेवलेल्या खुणा. पहिल्या दोहोंवरून विश्व पुन्हा सिद्ध करता येते. तिसरा घटक एकदा गेला की कोणत्याही गणिताने परत येत नाही. ग्रंथालये आणि अभिलेखागारे आज प्रामुख्याने खेळांच्या प्रती जपतात. या प्रकारच्या कृतींसाठी तेवढे पुरेसे नाही, कारण प्रत अद्ययावत झाली की जुने नियम पुसले जातात, आणि निर्मात्याची सेवा बंद पडली की नावेही जातात. अभ्यासकाने अशा कृतीचा निर्देश करताना आवृत्ती, बीज आणि भेटीची तारीख नोंदवणे ही यापुढे विवेचनाची पूर्वअट मानली पाहिजे. ती पाळली नाही, तर एकाच नावाच्या दोन भिन्न विश्वांविषयी दोन अभ्यासक वाद घालीत राहतील, आणि आपला वाद एका ग्रहाविषयी नाही हे दोघांच्याही ध्यानात येणार नाही.