बारावीनंतरची निवड : शाखांच्या भिंती खरोखरच पडल्या का?

रत्नागिरी, प्रतिनिधी

बारावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला, ही बातमी रत्नागिरीकरांच्या आता अंगवळणी पडली आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांच्या या विभागीय मंडळाचा २०२५ चा निकाल ९६.७४ टक्के लागला, राज्याचा ९१.८८ टक्के. पेढे वाटून झाले की घरोघरी प्रश्न उभा राहतो, पुढे काय? गुण भरपूर आणि माहिती तुटपुंजी, अशा अवस्थेत अनेक पालक शेजारच्या मुलाने जे केले तेच आपल्या मुलासाठी निवडतात. गेल्या काही वर्षांत पदवी शिक्षणाची रचनाच बदलली असल्याने ही सवय आता महागात पडू शकते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीच्या प्रथम वर्षाला नवी रचना लागू झाली. तीत विद्यार्थी एक मुख्य विषय, म्हणजे 'मेजर', निवडतो. एकूण श्रेयांकांपैकी किमान निम्मे याच विषयाचे असतात. त्याच्या जोडीला 'मायनर' हा दुय्यम विषय येतो. तो त्याच विद्याशाखेतला असू शकतो किंवा सर्वस्वी वेगळ्या शाखेतलाही. 'ओपन इलेक्टिव्ह' मात्र मुख्य विषयाच्या शाखेबाहेरूनच घ्यावा लागतो. म्हणजे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने अर्थशास्त्राचा किंवा मानसशास्त्राचा एखादा अभ्यासक्रम करणे हा आता हौसेचा भाग राहिलेला नाही. श्रेयांकाचा हिशेब सोपा आहे. एका सत्रात पंधरा तासांचे अध्यापन म्हणजे एक श्रेयांक; प्रात्यक्षिकासाठी तीस तास. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक लागतात, चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६.

कागदावर ही रचना देखणी आहे. अडचण येते ती छोट्या महाविद्यालयात. ज्या तालुक्याच्या गावी एक किंवा दोनच विद्याशाखा चालतात, तेथे 'शाखेबाहेरचा विषय' शिकवायला प्राध्यापक कुठून आणायचे? अशा ठिकाणी उपलब्ध असेल तोच विषय विद्यार्थ्याच्या पदरात पडण्याची शक्यता अधिक. त्यामुळे प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयाचे नाव विचारण्यापेक्षा तेथे मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह म्हणून प्रत्यक्षात कोणते विषय शिकवले जातात, त्याची यादी मागणे शहाणपणाचे. रत्नागिरी शहरात १९४५ साली सुरू झालेल्या गोगटे-जोगळेकर महाविद्यालयासारख्या, कला, विज्ञान आणि वाणिज्य एकाच आवारात असलेल्या संस्थेत निवडीला अधिक वाव मिळतो, तो याचमुळे.

मधूनच बाहेर पडण्याच्या सवलतीबाबतही गैरसमज आहेत. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन थांबता येते. पण त्यासाठी कौशल्य अभ्यासक्रमाचे किंवा प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचे चार जादा श्रेयांक मिळवावे लागतात. तीन वर्षांच्या आत परत येऊन, एकूण सात वर्षांच्या मर्यादेत पदवी पुरी करण्याची मुभा आहे. तरीही एका वर्षाच्या प्रमाणपत्राला नोकरीच्या बाजारात किती किंमत मिळेल, याची शंका घेण्यास जागा आहे. घरची ओढाताण असलेल्या मुलामुलींच्या बाबतीत 'तात्पुरते' थांबणे कायमचे ठरू नये, एवढी काळजी पालकांनी घ्यायला हवी. चौथ्या वर्षाचे गणित वेगळे आहे. चार वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात पूर्ण होऊ शकते. संशोधनासह ऑनर्स करायचे, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण आवश्यक आहेत.

रत्नागिरीत सारे काही मुंबई विद्यापीठाच्याच छत्राखाली आहे, असेही नाही. शिरगावचे मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. तेथील मत्स्यविज्ञानाची पदवी चार वर्षांची आणि व्यावसायिक स्वरूपाची. समुद्रकिनाऱ्यावर वाढलेल्या मुलांनी तिच्याकडे पाठ फिरवून पुण्यात कुठल्याही शाखेला प्रवेश घ्यावा, हे कोडेच आहे. रामटेकच्या कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठाचे उपकेंद्र भारतरत्न पां. वा. काणे यांच्या नावाने शहरात चालते. मुंबई विद्यापीठाचा स्थानिक उपपरिसर चरित्रकार धनंजय कीर यांच्या नावे ओळखला जातो. २०२३ पासून शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही येथे सुरू झाले. स्वतंत्र कोकण विद्यापीठाची जुनी मागणी हा वेगळा विषय.

सर्वांत कमी माहिती आहे ती डिझाइनविषयी. चित्रकला आणि डिझाइन एकच, असे अनेकांना वाटते. सावर्ड्याचे सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट आणि देवरुखचे डी-कॅड या जिल्ह्यातीलच संस्था दृश्यकलेचे शिक्षण देतात. उपयोजित कलेच्या पदवीसाठी राज्याची स्वतंत्र सीईटी असते. बी.डिझाइन ही वाट निराळी. वस्तू, यंत्राचा पडदा, गाडी किंवा रुग्णालयातील खाट वापरणाऱ्याला सोयीची कशी होईल, याचा विचार तेथे शिकवला जातो. त्यात विज्ञानाइतकेच माणसांच्या सवयींचे, म्हणजे समाजशास्त्राचे, भान लागते. मुंबई आयआयटीत १९६९ पासून डिझाइनचे शिक्षण दिले जाते. तेथील पदवी प्रवेशासाठीची 'यूसीड' परीक्षा कला, वाणिज्य, विज्ञान अशा कोणत्याही शाखेचा विद्यार्थी देऊ शकतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची श्रेणी येथे विचारात घेतली जात नाही. निरीक्षण, तर्क, अवकाशाची जाण आणि रेखाटन तपासले जाते.

गोम आहे ती तारखांत. ही परीक्षा जानेवारीत होते आणि तिचे अर्ज त्याआधी ऑक्टोबरात सुरू होतात. बारावीचा निकाल हाती पडेपर्यंत, म्हणजे मे महिन्यापर्यंत, त्या वर्षीचा हा दरवाजा बंद झालेला असतो. अर्ज भरण्याच्या त्या दिवसांत बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत पहिल्या सत्राची परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी यांचीच चर्चा चालू असते.