पिलांचा पहिला महिना

भंडारा जिल्हा हा धानाचा व तलावांचा जिल्हा. तुमसर-मोहाडीपासून पवनी-लाखांदूरपर्यंत गावोगावी धानाच्या बांध्या आहेत आणि कित्येक घरांच्या मागील अंगणात चार-दोन कोंबड्याही आहेत. त्यांचा हिशेब बहुधा गृहिणीच्या हाती असतो. मुलांच्या वह्या, औषधपाणी, सणासुदीचा लहानसहान खर्च यांस हाच पैसा उपयोगी पडतो.

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसविली की 21 दिवसांनी दहा-बारा पिले बाहेर पडतात. परंतु महिन्याभराने तीच पिले मोजावयास गेल्यास चार-पाचच हाती लागतात, हा अनुभव नवा नाही. दोष घारीस व कावळ्यास दिला जातो. तो काही अंशी खराही असतो. पण थंडी, ओल, निकस आहार व मानमोडी यांनी दगावणारी पिलेही थोडी नसतात, आणि हे सर्व टाळता येण्यासारखे आहे.

ऊब

पिलू अंड्यातून बाहेर पडते तेव्हा त्याच्या अंगावर केवळ लव असते. स्वतःच्या शरीराची ऊब त्यास राखता येत नाही. कोंबडीजवळ वाढणाऱ्या पिलांस ही ऊब आईच्या पंखांखाली मिळते. म्हणून पहिले आठ-दहा दिवस माय व पिले कोरड्या, सुरक्षित जागी डालग्याखाली ठेवावीत. दवात अथवा पावसात सोडू नयेत.

गिरिराज, वनराज इत्यादी सुधारित जातींची पिले उबवणी केंद्रातून आणल्यास आईचे काम पालकास करावे लागते. 50 पिलांसाठी सुमारे 25 चौरस फूट जागा चार आठवडे पुरते. बांबूच्या तट्ट्याचे सुमारे 45 सें.मी. उंचीचे गोल कडे करावे. चौकोनी जागेत पिले कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरतात. प्रत्येक पिलामागे दोन वॅट या हिशेबाने विजेचे दिवे टांगावेत. एकच मोठा दिवा न लावता दोन लावावेत, म्हणजे एक गेला तरी ऊब राहते. पहिल्या आठवड्यात 35 अंश सेल्सियस उष्णता असावी व पुढे दर आठवड्यास सुमारे 3 अंशांनी ती कमी करावी. वीज नसल्यास झाकलेल्या शेगडीचा उपयोग करता येतो. मात्र कोंडलेल्या खोलीत कोळशाचा विषारी वायू साचतो, यास्तव हवा खेळती ठेवावी.

उष्णतामापक नसला तरी अडत नाही. पिले स्वतःच सांगतात. दिव्याखाली गर्दी करून चिवचिवाट करीत असतील तर त्यांस थंडी वाजते. दिव्यापासून दूर जाऊन चोची उघडून धापा टाकीत असतील तर उष्णता अधिक झाली आहे. सर्वत्र सारखी पसरून चरत असतील तर सर्व ठीक आहे. मे महिन्यातील भंडाऱ्याच्या उन्हात दिवसा दिव्याची गरज सहसा पडत नाही. उलट लूपासून पिलांचे रक्षण करावे लागते.

जमिनीवर धानाचे तूस सुमारे 5 सें.मी. जाडीचे पसरावे. गिरणीमुळे ते येथे सहज मिळते. पण ओले, बुरशी धरलेले तूस कधीही घालू नये. त्यातील बुरशी श्वासावाटे फुप्फुसात जाऊन पिले मरतात. पहिले तीन दिवस तुसावर कागद अंथरावा, नाहीतर पिले दाण्याऐवजी तूसच टिपतात.

पाणी व दाणा

पोटातील बलकाच्या आधारे पिलू दोन-तीन दिवस तग धरते, म्हणून त्यास तितका काळ उपाशी ठेवावे असे नाही. पिले कोरडी होताच कोमट पाणी द्यावे. प्रवासाने थकलेल्या पिलांस त्यात थोडा गूळ विरघळवावा. भांडे उथळ असावे व त्यात स्वच्छ खडे टाकावेत, म्हणजे पिले बुडत नाहीत.

यानंतर दाणा. येथेच या जिल्ह्यातील सर्वांत मोठी चूक घडते. तांदळाची कणी स्वस्त व घरचीच असल्याने पिलांस केवळ कणी टाकली जाते. कणीने पोट भरते, पण अंग भरत नाही. कणीत प्रथिने सुमारे आठ टक्केच असतात, तर वाढत्या पिलास वीस टक्क्यांच्या आसपास लागतात. शक्यतो तयार खाद्य वापरावे. घरी मिश्रण करावयाचे झाल्यास 100 किलोंस पिवळा मका 27, कणी 27, तांदळाचा कोंडा 9, गिरणीतील सोयाबीनची पेंड 28, बिनमिठाच्या मासळीची भुकटी 6 व क्षारमिश्रण 3 किलो घ्यावे. जीवनसत्त्वांची पूड पुडीवरील प्रमाणात मिसळावी. पहिल्या आठवड्यात 50 पिलांस असे साडेतीन ते चार किलो खाद्य पुरते. ज्यांना हेही शक्य नाही त्यांनी कणीबरोबर वाळवी, उकडलेल्या अंड्याचा चुरा व बारीक चिरलेला हिरवा पाला द्यावा.

घरात आहे म्हणून काहीही घालू नये. धान निघाल्यावर बांध्यांत घेतली जाणारी लाखोरी, जवसाची ढेप, कच्चे सोयाबीन, खारवलेली मासळी व बुरशी आलेली भुईमुगाची ढेप ही पिलांस अपायकारक आहेत.

सायंकाळी दोन-चार पिलांच्या गळ्याखालील अन्नपिशवी बोटांनी चाचपून पाहावी. ती भरलेली व मऊ लागली, तर पिलास दाणा व पाणी दोन्ही मिळाले असे समजावे.

मानमोडी

मानमोडी म्हणजेच राणीखेत. कुमाऊँमधील ज्या गावी 1927 साली हा रोग आढळला, त्याचेच नाव त्यास मिळाले. त्यावर खात्रीचे औषध नाही. प्रतिबंधक लस हाच उपाय. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात घालावा, चौथ्या आठवड्यात तीच लस पुन्हा द्यावी व पुढील लसींसाठी पशुवैद्यकीय दवाखान्याचा सल्ला घ्यावा. विष्ठेत रक्त दिसल्यास मात्र ती रक्ती हगवण होय. ओले तूस तत्काळ बदलून दवाखान्यातून औषध आणावे.

लसीत एक अडचण आहे. लहानात लहान कुपी साधारणतः 100 पिलांची असते, ती बर्फात ठेवावी लागते व एकदा विरघळविल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. एका घरी पिले दहाच! म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व पशुसखींनी एक साधी गोष्ट करावी. टोलीतील दहा घरांच्या खुडूक कोंबड्या एकाच आठवड्यात अंड्यांवर बसवावयास सांगाव्या. मग पिले एकाच सुमारास निघतील, एक कुपी सर्वांस पुरेल आणि खर्चही वाटून जाईल. धान कापणीनंतरचे, न फार थंडीचे न फार उन्हाचे दिवस यासाठी चांगले.

किती पिले निघाली हा हिशेब कोंबडीचा आहे. महिन्याने किती उरली हा पालकाचा.