धानाच्या मुलखात गहू

मूलमध्ये जेवणात गहू नको म्हटलं की माणसं हसतात. "इथं गहू खाते कोन, बाई?" त्यांचं बरोबरच आहे. चंद्रपूरहून गडचिरोलीकडे निघालं की मूल येण्याआधीच रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या लागतात. गावात राईस मिलची शेडं, आणि हंगामात हवेला कोंड्याचा वास. याच जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात, नांदेड नावाच्या खेड्यात, दादाजी खोब्रागडे यांनी १९८३च्या सुमारास 'पटेल ३' धानाच्या शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या बाजूला काढल्या. त्यांतून निघालेल्या बारीक तांदळाला मनगटी घड्याळावरून एचएमटी हे नाव पडलं आणि ते देशभर गेलं. अशा मुलखात सिलिॲकच्या रोग्याला कसली अडचण?

मलाही हेच वाटत होतं. पण माझ्या भाचीला हा आजार आहे, आणि ती कामानिमित्त जपानला जाऊन आल्यावर म्हणाली, "मावशी, तिथेही भातच खातात. पण इतकं जपून मी कुठेच जेवले नाही." तिकडचा सोया सॉस सोयाबीन आणि गहू दोन्ही आंबवून करतात, आणि तो माशावर, लोणच्यात, भाजीत, सगळीकडे असतो. सोबा म्हणून कुट्टूच्या शेवया मागवाव्यात, तर बहुतेक ठिकाणी त्यांत गव्हाचं पीठ मिसळलेलं. पाण्याऐवजी समोर येणारा गार चहा भाजलेल्या जवाचा. दुकानातली पाकिटं त्या मानानं सोपी, कारण त्यांवर गहू छापणं कायद्यानं सक्तीचं आहे; ती अक्षरं तिनं पाठ केली होती. उपाहारगृहात मात्र पर्समधून गहू नसलेल्या तामारी सोया सॉसची छोटी बाटली काढायची आणि आचाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत बसायचं.

भात खाणाऱ्यांच्या देशात गहू समोर दिसत नाही, म्हणून त्याच्यावर कुणाची नजरही नसते. हे डोक्यात बसलं, आणि थंडीत, धान कापून झालेल्या बांध्यांमध्ये लाखोळी हिरवीगार असताना, भाचीला घेऊन मूलला गेले.

सिलिॲक म्हणजे पोटाला न मानवणं एवढंच नव्हे. गहू, जव आणि राय यांतल्या ग्लूटेनमुळे शरीर आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उठतं आणि खाल्लेलं अंगी लागेनासं होतं. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाचा गव्हावर आधीपासून संशय होता. १९४४-४५च्या उपासमारीच्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला तेव्हा त्याची आजारी मुलं सुधारली, पाव परत आल्यावर पुन्हा ढासळली. १९५०मध्ये त्यानं त्यावर प्रबंध लिहिला. पथ्य हाच आजही उपाय, आणि तेही जन्मभर. आपल्याकडे 'ग्लूटेनमुक्त' लिहायचं तर पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लूटेन चालत नाही. भाची हा आकडा उठताबसता म्हणते.

तो आकडा मूलमधल्या एका खानावळीतल्या काकूंनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्या कणकेचा गोळा मळत होत्या. भात, वरण, वांग्याची भाजी, सगळं दुपारच्या गर्दीआधीच उरकलेलं. राहिल्या होत्या पोळ्या. घरी त्यांच्याकडे दोन्ही वेळा भातच, पण खानावळीत कचेरीतली माणसं येतात, ठेकेदारांची येतात, ताडोबाला जाणारी येतात. "पावन्याले निस्ता भात वाढला तं लोक म्हनतीन, हात राखला." म्हणजे इथे गहू हा पाहुणचार आहे. ताटात पोळी नको म्हणणारी मुलगी त्यांना आधी रुसलेली वाटली, मग आजारी, आणि मग काकूंनी विचारलं, "वीस मिलिग्रॅम म्हंजे किती?"

भाचीनं हिशेब सांगितला. गव्हाच्या पिठाचा साधारण दहावा हिस्सा ग्लूटेन धरला, तर किलोभर जेवणात पाव ग्रॅमहूनही कमी पीठ. काकूंनी मनगटापर्यंत पांढरे झालेले हात एकमेकांवर झटकले. पिठाचा धुरळा उन्हाच्या पट्ट्यात तरंगत राहिला.

"एवढं?"

"याहून कमी."

"मंग तं माह्या घरची हवाच खराब हाये."

आणि त्या उठल्या. मोरीवर कोपरापर्यंत हात धुतले. परात उचलून मागच्या पडवीत ठेवली. फळीवरची न वापरलेली कढई काढली, तीही धुतली. भात वेगळ्या गंजात चढवला. हे सगळं त्यांनी कुणी न सांगता केलं, आणि मी मनात म्हटलं, जमलं. तेल तापलं, मोहरी तडतडली, लसूण लाल झाला, आणि काकूंचा हात सवयीनं पिवळ्या डबीकडे गेला. हिंगाचा तो तीव्र, नाकात चढणारा वास आला तेव्हा भाची दारातूनच ओरडली, "काकू, हिंग!"

डबी उलटी करून उजेडात धरली. खायचा डिंक, मैदा, हिंग. काकूंना ते खरंच वाटेना. चष्मा लावून त्यांनी पुन्हा वाचलं. "हिंगाच्या भावानं मैदा घेते का मी?" त्यांचा राग भाचीच्या आतड्यापेक्षा या फसवणुकीवर जास्त होता. तसं पाहिलं तर यात लपवाछपवी काहीच नाही. शुद्ध हिंग म्हणजे झाडाच्या मुळातून निघणारा चीक. तो इतका उग्र असतो की डिंक आणि पीठ घालूनच तो वापरण्याजोगा करतात. काही जण तांदळाचं पीठ घालतात. शेजारच्या किराणा दुकानात आम्ही डब्या उलट्या करकरून पाहिल्या, तर बहुतेकींवर गहू नाहीतर मैदाच. धानाच्या मुलखात हिंगात तांदूळ मिळू नये, याचं मला हसूही आलं आणि चीडही. मूल म्हटलं की आता मला आधी तो वास आठवतो. तेवढं वरण बाजूला गेलं; काकूंनी नुसत्या लसूण-मिरचीची फोडणी दिली.

दुसऱ्या दिवशी तांदळाच्या भाकरीसाठी दळण करायला गिरणीवर गेलो. ज्या दगडावर आत्ताच गहू दळला त्यावर तांदूळ घातला की काय होतं, ते गिरणीवाल्याला माहीत होतंच. त्याला आजार समजावून सांगत होते तोवर तो शंकेनं बघत होता. "उपासासारखं दळून द्या," म्हटल्याबरोबर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. राजगिरा, भगर दळायच्या आधी तो झडप झाडतो, पट्टा थांबवून ब्रश फिरवतो, पहिलं ओंजळभर पीठ वेगळं काढतो. तसंच त्यानं केलं. कशाला कशाचा स्पर्श नको, हे आपल्या घरांना शिकवावं लागत नाही. (सोवळ्याचा इतिहास सगळाच काही मिरवण्यासारखा नाही, पण ही एक सवय इथे कामी आली.) फक्त ही युक्ती हॉटेलात वापरू नये. भाचीनं एका ठिकाणी "उपास आहे" म्हणून पाहिलं, तर साबुदाणा आला, भगर आली, आणि भात मागितला तेव्हा मालकानं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं हात मागे घेतला. उपासाला भात कसा चालेल?

ताडोबाच्या एका गेटाकडे रिसॉर्टमध्येही थांबलो होतो. तिथल्या मेन्यूवर भज्यांपुढे हिरवी 'ग्लूटेन-फ्री' खूण होती. बेसनाची भजी, त्यामुळे खूण कागदावर खरी. कढईत आधी समोसे तळले होते का, हे वाढणाऱ्याला माहीत नव्हतं, आणि विचारून यायची त्याची इच्छाही दिसली नाही. २० मिलिग्रॅम हा आकडा त्या खुणेमागे कुठेतरी असायला हवा होता. काकूंकडे खूण नव्हती, आकडाही त्यांनी आदल्या दिवशीच ऐकलेला, तरी भाची त्यांच्याकडे पोटभर जेवली आणि रिसॉर्टवर केळी खाऊन राहिली. आता तिला खूण दाखवली की ती कढई दाखवा म्हणते. मला ते योग्यच वाटतं.

निघताना काकूंनी भाचीला पुढचा रस्ता सांगितला. तिकडे कुणाच्या घरी गेलात तर तांदळाचे आयते करून मागा, तांदूळ भिजवून घरीच वाटलेले. बेसन मागू नका, कुठं दळलं असेल काय ठाऊक. पोपटाच्या शेंगांची भाजी खा, पण फोडणी डोळ्यादेखत द्यायला लावा. "अन् तव्यावर आधी पोळी केली असन तं तवा मातीनं घासाले लाव, लाजू नको."