सायकल पळते, काळजाचे काय?

२० मार्चला सायकलने महाडला जायचे आणि चवदार तळ्याला अभिवादन करून यायचे, असे आमच्या पुण्यातल्या मित्रमंडळाने ठरवले होते. मंडळातले सगळे पंचेचाळीस ते साठच्या दरम्यानचे. कुणी बँकेत, कुणी महसूल खात्यात, कुणी शाळेत. दर रविवारी पहाटे निघायचे, देहूरोडच्या ज्या विहारात बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली तिथे वंदना घ्यायची आणि टपरीवर चहा पिऊन परतायचे, हा आमचा जुना शिरस्ता. महाडचा सराव म्हणून जुना कात्रज घाट चढायला घेतला. त्या चढावर आमच्यातल्या सर्वांत काटक गड्याने सायकल कडेला लावली आणि छातीच्या मधोमध तळहात ठेवून तो उभा राहिला. "गॅस धरलाय," म्हणाला. पाच मिनिटांत बरे वाटले, पुन्हा चढला. पुढच्या रविवारी त्याच वळणावर तेच. तिसऱ्या वेळी वहिनींनी त्याला ओढतच दवाखान्यात नेले. हृदयाची एक मोठी रक्तवाहिनी जवळपास बंद होत आलेली निघाली.

ना पोट सुटलेले, ना विडी, ना दारू. मग असे का व्हावे?

सायकल चालवणे हृदयाला हितकारकच आहे, याबद्दल शंका नको. परंतु पाय मजबूत झाले म्हणजे रक्तवाहिन्या स्वच्छ झाल्या, हा समज खोटा आहे. अमेरिकेत जिम फिक्स नावाच्या गृहस्थाने १९७७ मध्ये धावण्यावर पुस्तक लिहून अख्ख्या देशाला धावायला लावले. १९८४ मध्ये तो स्वतः धावतानाच गेला, वय ५२. त्याच्या वडिलांना पस्तिशीत पहिला झटका आला होता आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ते गेले होते. आपल्याकडे बंगळुरूचे एक नावाजलेले सायकलपटू सलग बेचाळीस महिने रोज शंभर किलोमीटर सायकल चालवत होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये, अवघ्या ४५ व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "वडील कशाने गेले?" इथेच आमच्या पिढीची पंचाईत होते. आमच्या बापाची जन्मतारीख मास्तरांनी १ जून लावलेली. तो गेला तेव्हा गावात डॉक्टर नव्हता. "झोपेतच गेला", "छातीत कळ आली अन् गेला" एवढाच आमचा वैद्यकीय इतिहास. पण तोही सांगायला हवा, कारण त्या कळीत बरेच काही दडलेले असते. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षे आधी येतो, हे ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासातून पुढे आले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने धोक्याची जी नऊ प्रमुख कारणे मोजली, त्यांत तंबाखू, मधुमेह, रक्तदाब यांच्या जोडीला मानसिक ताणही होता.

आणि ताणाचे म्हणाल, तर आमच्या या मित्राकडे तो काही कमी नव्हता. तो मागासवर्गीय कर्मचारी संघटनेचा सचिव. पदोन्नतीतील आरक्षणाचा २५ मे २००४ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द ठरवला, आणि ७ मे २०२१ च्या आदेशाने पदोन्नतीची सगळी पदे सेवाज्येष्ठतेने भरायचे ठरले. या काळात किती जणांची फाइल त्याने उराशी धरून मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या, त्याची गणती नाही. त्याची स्वतःची बढती तर राहिलीच. ऑफिसात मागून येणारे टोमणे वेगळे. शिवाय घराचा हप्ता, गावाकडच्या भावाचे आजारपण, पुतणीची फी. खानदानात पहिला शिकलेला तोच, म्हणून सगळ्यांचा हात त्याच्याच खिशाकडे. असा ताण वर्षानुवर्षे राहिला की रक्तदाब चढाच राहतो, झोप तुटते, साखर वाढते आणि रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढते.

त्यात आमच्या बैठका! नऊची बैठक साडेदहाला सुरू होणार, रात्री एकला संपणार, आणि हा गडी साडेचारला सायकल काढणार. बैठका वेळेवर सुरू केल्या तरी चळवळीतल्या चार माणसांची हृदये वाचतील, असे आम्हाला प्रामाणिकपणे वाटते.

शरीर झिजवण्याचे आम्हाला कौतुक आहे. बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या वेदनेने ते हैराण होते, तरी ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाची प्रस्तावना त्यांनी तपासायला घेतली होती. १९८३ मध्ये डीएस-४ च्या झेंड्याखाली 'दोन पाय, दोन चाके' म्हणत शेकडो मैल सायकली पळवायला लावणारे मान्यवर कांशीराम पुढे मधुमेहाने आणि पक्षाघाताने जखडले गेले आणि ९ ऑक्टोबर २००६ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आमच्यापुढे आहे, तरी आम्ही छातीतली कळ दाबून पुढच्या वळणाला लागतो. याला त्याग म्हणायचे का?

भगवान बुद्धांच्या संघात सोण नावाचा भिक्खू होता. चंक्रमण करता करता त्याच्या तळपायांतून रक्त आले, तरी तो थांबेना. तो गृहस्थाश्रमात वीणा वाजवायचा, हे जाणून भगवंतांनी त्याला तारांविषयीच विचारले. तार फार ताणली तर सूर नाही, फार ढिली सोडली तरी नाही. मनगटावरचे घड्याळ पाहून पंचविशीतल्या पोरांशी चढावर शर्यत लावणारे आमचे मित्र या सोणाचेच भाऊबंद आहेत.

तेव्हा चाळिशी उलटलेल्या प्रत्येक सायकलवाल्याने रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे, आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए ही तपासणीही डॉक्टरांना विचारून करावी, कारण हा दोष वारशाने येतो. स्वस्थ पडून काढलेला ईसीजी चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नये. रक्तवाहिनी अरुंद असूनही तो चांगला येऊ शकतो. चढावर छाती आवळणे, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दरदरून घाम, कालपर्यंत सहज जमणारा चढ आज अचानक न झेपणे, यांना गॅस म्हणू नये. तिथेच थांबावे. थांबूनही कळ राहिली तर १०८ ला फोन करावा, स्वतः सायकल मारत घरी येऊ नये. अंगात ताप असताना सायकल काढूच नये. एरवी शेजारच्याशी बोलता येईल इतकाच दम लागू द्यावा. आनापानाबद्दलही सांगतो. विपश्यनेवरून चळवळीत मतभेद आहेत, त्यात आज शिरत नाही. पण रोज दहा मिनिटे शांत बसून श्वास पाहायला कुणाची हरकत नसावी. उपचाराचा खर्च झेपत नसेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी आधीच करून ठेवावी, ऐन वेळी कागद सापडत नाहीत.

संघटनेचे सचिवपद आता तिघांनी वाटून घेतले आहे. मित्राला स्टेंट बसवला. २० मार्चला आम्ही ताम्हिणी उतरून महाडला गेलो, तेव्हा तो मागच्या टेम्पोत होता, आणि त्याची सायकल टपावर बांधलेली होती. डॉक्टरांनी हो म्हटले तर पुढच्या वर्षी माणगावपासून तरी चालवीन, म्हणतो. वहिनी अजून हो म्हणालेल्या नाहीत.