होम प्लेटमागचा वारसा

बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षण करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ जणांची तोंडे बॅटरकडे असतात. त्या आठांकडे तोंड करून बसतो तो एकटा कॅचर. आपल्या यष्टिरक्षकासारखाच तो बॅटरच्या मागे असतो, पण कोणता चेंडू टाकावा हेही परंपरेने तोच मांड्यांच्या आडून बोटांच्या खुणांनी पिचरला सुचवतो. तोंडावर जाळीचा मुखवटा, हातात गादीसारखा जाड मिट, आणि सामनाभर उकिडवे बसणे. नाव मात्र पिचरचे होते. न्यूयॉर्क यांकीज संघाचा इतिहास कॅचरच्या या जागेवरून पाहिला, की त्यात एक वारसा दिसू लागतो.

८ ऑक्टोबर १९५६. वर्ल्ड सिरीज या अजिंक्यपदाच्या मालिकेचा पाचवा सामना, समोर ब्रुकलिन डॉजर्स. तीनच दिवसांपूर्वी पिचर डॉन लार्सनला दोन इनिंगही पूर्ण करता आल्या नव्हत्या. त्या दिवशी त्याने कॅचर योगी बेराच्या खुणा शिरोधार्य मानल्या. ९७ चेंडू, २७ बॅटर, आणि एकही बेसपर्यंत पोहोचला नाही. शेवटचा बॅटर बाद होताच बेरा धावत गेला आणि त्याने लार्सनच्या अंगावर उडीच घेतली. वर्ल्ड सिरीजमधला हा आजवरचा एकमेव परफेक्ट गेम. बेराला कॅचिंगचे धडे दिले होते ते यांकीजचाच जुना कॅचर बिल डिकी याने. दोघांचाही क्रमांक ८. संघाने १९७२ मध्ये तो दोघांच्या सन्मानार्थ कायमचा निवृत्त केला.

कॅचर एल्स्टन हॉवर्ड १९५५ मध्ये संघात आला. यांकीजचा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन डॉजर्सकडून उतरल्याला तेव्हा आठ वर्षे झाली होती. संघाचा हा उशीर अक्षम्यच म्हणावा लागेल. बेरा असल्यामुळे हॉवर्ड बरीच वर्षे आउटफिल्डमध्येही खेळला. १९६३ मध्ये तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हा मान मिळवणारा त्या लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू तोच.

२ ऑगस्ट १९७९ रोजी संघाचा कर्णधार आणि कॅचर थर्मन मन्सन स्वतःचे विमान उतरवताना अपघातात गेला. वय अवघे ३२. दुसऱ्या दिवशी यांकीजचे आठ खेळाडू मैदानात उतरले. होम प्लेटमागची जागा रिकामी होती. प्रेक्षक उभे राहून कितीतरी वेळ टाळ्या वाजवत राहिले. ६ ऑगस्टला सगळा संघ अंत्यविधीसाठी ओहायोतील कॅन्टनला गेला आणि संध्याकाळी परतून खेळला. मन्सनचा जिवलग मित्र बॉबी मर्सर याने संघाच्या पाचही धावा मिळवून दिल्या. यांकीज ५-४ ने जिंकले.

१९८५ मध्ये अवघ्या १६ सामन्यांनंतर यांकीजच्या व्यवस्थापकपदावरून काढून टाकल्यामुळे दुखावलेला बेरा १४ वर्षे यांकी स्टेडियमकडे फिरकला नव्हता. समेट झाल्यावर १८ जुलै १९९९ रोजी तिथे त्याचा सत्कार झाला. लार्सनने मानाचा पहिला चेंडू टाकला. तो झेलायला बेराने त्या दिवशीचा कॅचर जो गिरार्डी याचा मिट मागून घेतला, झेल घेतला आणि मिट परत केला. मग त्याच मिटमध्ये गिरार्डीने पिचर डेव्हिड कोनचे चेंडू झेलले, आणि कोनने ८८ चेंडूंत परफेक्ट गेम पूर्ण केला.

विक्रमांच्या यादीत लार्सन आणि कोन यांची नावे आहेत. चेंडूंची निवड सुचवणारी बोटे मात्र बेरा आणि गिरार्डी यांची होती. त्या यादीत पिचरच्या नावाशेजारी कॅचरचेही नाव लागायला हवे.