'कुशल' हा शब्द आणि कामगाराचे कौशल्य

'कुश म्हणजे दर्भ आणणारा तो कुशल' अशी या शब्दाची परंपरागत व्युत्पत्ती आहे. हात न कापता दर्भ खुडण्यास निपुणता लागते. त्यावरून कोणत्याही कामातील निपुणास 'कुशल' म्हणण्याची रूढी पडली. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त रूढिलक्षणेसाठी हाच शब्द घेतला आहे. शब्दाचा अर्थ असा एका कर्मावरून सर्व कर्मांवर गेला. हाताचे कौशल्य मात्र इतक्या सहजतेने जात नाही.

मुंबईतील कापडगिरण्यांचे उदाहरण पाहावे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. पुढे बहुतेक गिरण्या क्रमाने बंद पडल्या व अनेकींच्या जागी कचेऱ्या आणि व्यापारी संकुले उभी राहिली. साचेखात्यात तुटलेला धागा क्षणात सांधणाऱ्या कित्येक विणकरांच्या वाट्याला पहारेकऱ्याचे काम आले. त्यांचे कौशल्य नाहीसे झाले नव्हते. त्या कौशल्याची गरज असलेले काम नाहीसे झाले होते.

म्हणून 'अकुशल' हे केवळ व्यक्तीचे विशेषण मानणे सदोष होय. ते कामगार आणि काम यांतील संबंध दर्शविते. दोष व्यक्तीचा मानल्यास उपाय प्रशिक्षणापुरताच उरतो. संबंधाचा मानल्यास, कोणती कामे निर्माण होत आहेत, याचाही विचार करणे प्राप्त होते.