आढावा-लेखन : एक उपेक्षित परिश्रम

गेल्या वर्षी वर्गातील चर्चासत्रासाठी मी झाडीपट्टीच्या नाटकांवर एक निबंध लिहिला होता. ग्रंथालयात मिळाली तेवढी पुस्तके आणि जुने अंक वाचून कोण काय म्हणतो, कुणाचे कुणाशी जुळत नाही, कुठला मुद्दा सर्वांकडूनच सुटला आहे, हे सव्वीस पानांत मांडले होते. वाचन संपल्यावर मला एकच प्रश्न विचारण्यात आला, "हे सारे दुसऱ्यांचे झाले. यात तुझे स्वतःचे काय ?" मला उत्तर सुचले नाही. खाली मान घालून मी जागेवर जाऊन बसलो. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा सापडलेले उत्तर आहे. आणि गंमत अशी की, ते मला साहित्यात नव्हे, तर सार्वजनिक आरोग्याच्या प्रांतात सापडले.

त्याला निमित्त झाली आमची मोठी आई. ती गावात आशा म्हणून काम करते. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिने त्या घरी जायचे असते. बाळंतपण घरीच झाले असेल तर पहिल्या दिवशीही. बाळाचे वजन करायचे, ताप पाहायचा आणि संशय आला तर श्वास मोजायचे. एकदा मी तिच्यासोबत गेलो होतो. घड्याळ समोर धरून ती पूर्ण एक मिनिट बाळाच्या पोटाकडे पाहत राहिली. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत पन्नास किंवा अधिक, आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा अधिक भरले, तर तो धोक्याचा इशारा समजायचा. परत येताना ती सहज बोलून गेली. तिचे पहिले लेकरू १९९६ साली 'डब्बा' होऊन गेले. आपल्याकडे न्यूमोनियाला डब्बाच म्हणतात. "तवा हे मोजाचं कोणाले माहीत होतं, बाबू ?" ती म्हणाली.

कुणालाच माहीत नव्हते काय ? शोध घेतला तेव्हा मी अस्वस्थ झालो. माहीत होते, आणि तेही फार दूर नव्हे, वैनगंगेपलीकडे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था स्थापन केली. तेथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूमोनियाचा एक प्रयोग केला. ५८ गावांत साध्या आरोग्यसेवकांना व सुईणींना बाळाचा न्यूमोनिया ओळखायला आणि को-ट्रायमोक्साझोल हे औषध द्यायला शिकवले. तुलनेसाठी ४४ गावे घेतली. एका वर्षानंतर पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेच्या गावांत १७.५ होते, तर प्रयोगाच्या गावांत ८.१. हा निबंध १९९० साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. म्हणजे मोठ्या आईचे लेकरू जाण्याच्या सहा वर्षे आधी.

मग ज्ञान नदी ओलांडून आमच्या गावात का आले नाही ? याची कारणे अनेक आहेत, आणि गरिबी व अनास्था ही त्यांतली मोठी. परंतु एक कारण असे आहे की ज्याचा आपण विचारच करीत नाही. एका ठिकाणच्या एका प्रयोगावर कोणतेही शासन देशभर योजना उभारीत नाही, आणि उभारूही नये. गडचिरोलीत जे घडले ते तेथील कार्यकर्त्यांच्या निष्ठेमुळे घडले असेल, त्या वर्षीच्या हवामानामुळे घडले असेल, योगायोगानेही घडले असेल. ही शंका फेडायची तर अन्यत्र झालेले असे सगळे प्रयोग शोधून, पारखून, शेजारी शेजारी मांडावे लागतात. या कामाला 'पद्धतशीर आढावा' म्हणतात.

ते काम सुनील सझावल या भारतीय संशोधकाने रॉबर्ट ब्लॅक यांच्यासह केले. त्यांचा पहिला आढावा १९९२ साली 'लॅन्सेट'मध्ये आला, आणि अधिक विस्तृत असा दुसरा २००३ साली. गडचिरोली, टांझानियातील बागामोयो, बांगलादेशातील मतलब, पाकिस्तानातील अबोटाबाद, नेपाळ, इंडोनेशिया अशा एकमेकांना न पाहिलेल्या मुलखांतील प्रयोग त्यात एकत्र आले. २००३ च्या आढाव्यात नऊ प्रयोगांचा हिशेब होता. गावपातळीवर न्यूमोनिया ओळखून उपचार केल्यास पाच वर्षांखालील मुलांचे एकूण मृत्यू सुमारे २४ टक्क्यांनी आणि न्यूमोनियाचे मृत्यू सुमारे ३६ टक्क्यांनी घटतात, असा निष्कर्ष निघाला. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी संयुक्त निवेदन काढून शिकवलेल्या गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी न्यूमोनियावर उपचार करावेत अशी शिफारस केली. एकट्या गडचिरोलीचा आवाज जेथे पुरला नसता, तेथे नऊ ठिकाणांचा एकत्रित आवाज पोचला.

नवजात बालकांच्या बाबतीतही असेच घडले. 'सर्च'ने ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. तेथे हजार जन्मांमागे नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ वरून २५.५ वर आले होते. २०१० साली सिद्धार्थ गोगिया व एच. पी. एस. सचदेव यांनी दक्षिण आशियातील पाच प्रयोगांचा आढावा घेऊन, घरभेटींमुळे नवजात मृत्यू सुमारे ३८ टक्क्यांनी घटतात असे दाखवले. २०११ साली भारत सरकारने आशांमार्फत ही घरभेटींची योजना देशभर सुरू केली. मोठ्या आईच्या पिशवीतील वजनकाटा तेथून आला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आढावा लिहिणाऱ्याचे यात स्वतःचे काय असते ?

पहिला त्याचा प्रश्न. 'न्यूमोनियाविषयी सर्व काही' हा प्रश्न नव्हे. 'गावात शिकवलेल्या माणसाने औषध दिले तर मुले वाचतात काय?' हा प्रश्न. दुसरा त्याचा नियम. कोणते प्रयोग घ्यायचे व कोणते वगळायचे, हे निकाल पाहण्यापूर्वीच ठरवून लिहून ठेवावे लागते. नाहीतर आपल्या मताला सोयीचे तेवढेच उचलण्याचा मोह आवरत नाही. तिसरा त्याचा शोध. जे छापले गेले पण गाजले नाही, जे कपाटात पडून राहिले, तेही धुंडाळावे लागते. कारण यशस्वी प्रयोग लवकर छापले जातात आणि अपयशी मागे राहतात. चौथी आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे त्याचा न्याय. गडचिरोलीसह यांतील बहुतेक प्रयोगांत गावांची निवड चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. हा दोषही मोकळेपणाने मांडावा लागतो. आपल्याला प्रिय असलेल्या कामाचे उणेपण सांगणे हे नक्कल करणाऱ्याचे काम नव्हे.

हा न्याय वेळेवर झाला नाही तर काय होते, याचे उदाहरण पाश्चात्त्य देशांतही आहे. दिवस भरण्यापूर्वी प्रसूती होणार असेल, तर मातेला विशिष्ट स्टेरॉइड दिल्याने बाळाची फुप्फुसे लवकर पक्व होतात, असे लिगिन्स व हाउई यांनी न्यूझीलंडमध्ये १९७२ साली दाखवले. पुढे अनेक प्रयोग झाले. परंतु ते विखुरलेले राहिले, आणि बहुतेक डॉक्टर औषध देण्यास कचरत राहिले. आयर्लंडच्या प्रसूतितज्ज्ञ पॅट्रिशिया क्राउली व त्यांच्या सहकाऱ्यांचा पद्धतशीर आढावा १९९० साली प्रसिद्ध झाला, तेव्हा चित्र स्वच्छ झाले. मधल्या अठरा वर्षांत किती बाळे वाचू शकली असती, याचा हिशेब कोण देणार ?

ब्रिटिश डॉक्टर आर्ची कोक्रेन यांनी १९७९ साली वैद्यकव्यवसायाला हाच दोष दिला होता : सर्व प्रयोगांचा चिकित्सक आढावा आपण नियमितपणे घेत नाही. त्यांच्या नावाने १९९३ मध्ये जी संघटना निघाली, तिच्या बोधचिन्हात याच स्टेरॉइडच्या प्रयोगांचा आलेख आहे. प्रत्येक प्रयोगाची एक आडवी रेघ आणि तळाशी सर्वांचा मिळून एक चौकट. या आलेखाला 'फॉरेस्ट प्लॉट', म्हणजे जंगलाचा आलेख, असे म्हणतात. झाडे मोजणारे पुष्कळ असतात, जंगल दाखवणारा एखादाच, हे आपल्या झाडीपट्टीच्या लोकांना वेगळे सांगायला नको.

या संघटनेने दोन पुरस्कार ठेवले, त्यांची दखल येथे घेतली पाहिजे. टॉमस चाल्मर्स यांच्या नावाचा पुरस्कार आढाव्याच्या पद्धतीवर काम करणाऱ्या नवोदित संशोधकांसाठी, आणि केनेथ वॉरेन यांच्या नावाचा पुरस्कार विकसनशील देशांत राहून तेथील आरोग्यप्रश्नांवर आढावा लिहिणाऱ्यांसाठी. मला यांचे महत्त्व फार वाटते. नव्याने संशोधनात आलेल्या मुलामुलींजवळ प्रयोगशाळा नसते, निधी नसतो, शंभर गावे हाताशी नसतात. असते ती वाचण्याची चिकाटी. महिनोन्महिने बसून केलेल्या या कामाला 'दुसऱ्यांचेच तर आहे' म्हणून बाजूला सारले, तर ते काम कोण करील ?

अर्थात कोणताही आढावा पूज्य नव्हे. केवळ संख्या वाढवण्यासाठी लिहिलेले, एकाच विषयावरचे दहा आढावे काय कामाचे ? म्हणून सन्मान करायचा तो प्रश्नाच्या मोलाचा, शोधाच्या कसोशीचा आणि निवाड्याच्या प्रामाणिकपणाचा. आणि शेतात राबणाऱ्याचा मान कमी करूनही नव्हे. प्रयोगच झाले नसते तर सझावलांनी शेजारी शेजारी मांडले काय असते ?

आपले नागभीड हे जंक्शन आहे. नागपूरची छोटी गाडी २०१९ मध्ये बंद झाली, तरी गोंदिया आणि बल्लारशाहकडून येणाऱ्या गाड्या येथे भेटतात. जंक्शनला कुणी विचारीत नाही की, यात तुझी स्वतःची लाइन कोणती ? ते नसेल तर एका लाइनीचा उतारू दुसऱ्या लाइनीला लागत नाही, एवढे सर्वांना ठाऊक असते.

म्हणून गुरुजनांपुढे व विद्यार्थी मित्रांपुढे एक नम्र सूचना ठेवतो. आपल्या वार्षिक पारितोषिक वितरणात कथा, कविता, वक्तृत्व यांना बक्षिसे आहेत. त्यांत उत्कृष्ट आढावा-लेखनाचे एक बक्षीस असावे. विषय कोणताही चालेल : धानाचे रोग, तालुक्यातील तलाव, सिकलसेल, झाडीबोली. अट एकच, जे मिळेल ते सारे वाचलेले असावे आणि जे आपल्या मताविरुद्ध जाते तेही मांडलेले असावे. माझा निबंध स्पर्धेत पाठवणार नाही; त्यात मी माझ्या आवडत्या नाटककारांविरुद्धचे दोन लेख मुद्दाम गाळले होते, हे आता कळून चुकले आहे. तो पुन्हा लिहायला घेतला आहे.